बारा तारांखालचं वेटोळं

नसीमआपा. आधी हे नाव लिहितो, बाकीचं मागून. भोकरदनला आमच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाला लागून तिची शिलाईची खोली होती. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, गोधड्यांना टीप, असं तिचं काम. ती होती म्हणून माझं निभावलं. तिच्यानंतर शिमोन सरांचं नाव घ्यायला पाहिजे, त्यांच्यानंतर मिस्त्रींचं. हा क्रम माझ्या तोंडून एकदा चुकलेला आहे. म्हणून कागदावर तरी बराबर लावून ठेवतो.

आज रविवार. इथं कोइंबतूरला पंपाच्या कारखान्याला सुट्टी. बायको तिच्या बहिणीकडे गेली, पोरं क्रिकेटला. घर रिकामं झालं की मी पलंगाखालची लांब पेटी ओढून काढतो. वर्षातून दोनदा हे करावंच लागतं. बारा तारांच्या गिटारीच्या दांडीवर साध्या गिटारीच्या जवळजवळ दुप्पट ताण असतो, आणि उन्हाळाभर तो तसाच ठेवला तर दांडी हळूहळू वाकते. म्हणून ऊन तापायला लागलं की सगळ्या तारा थोड्या उतरवायच्या, हवा निवली की परत चढवायच्या. एकदम नाही. आधी मधल्या दोन जोड्या, मंग त्यांच्या बाजूच्या, मंग कडेच्या. दांडीला कळू न देता. हे सरांनी शिकवलं.

पेटी उघडली की पहिला वास डांबराच्या गोळ्यांचा येतो. तो थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो. त्याच्या मागून जुन्या मखमलीचा, मंग लाकडाचा, आणि सगळ्यात शेवटी तारांचा. तारांना वास असतो हे लोकांना खरं वाटत नाही. घामट मुठीत बराच वेळ नाणं धरून ठेवावं, तसा तो असतो.

गिटार परदेशातली, माझ्याच वयाची असावी. मध्यभागी मधासारखा रंग आणि कडेला जाता जाता काळपट. लाखेला बारीक भेगा पडल्यात, मे महिन्यात आमच्याकडच्या काळ्या रानाला पडतात तशाच. वरचं डोकं अंगापेक्षा मोठं वाटतं, कारण त्याच्यात बारा खुंट्या बसवायच्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती जरा बेढब दिसते. मलाही दिसली होती.

पण तारा जोडीजोडीनं असतात. जाड तारांच्या चार जोड्यांत एक तार जाड आणि तिच्याशेजारची बारीक, ती एक सप्तक वरची. उरलेल्या दोन जोड्या सारख्या. एका बोटाखाली दोन तारा दबतात आणि एका फटक्यात दोन्ही बोलतात, एखाद्या दारातून आई आणि मुलगी दोघींनी एकदम हाक मारावी तसं. आणि कितीही मन लावून जुळवा, त्या दोघींत केसभर फरक राहतोच. या गिटारीचं सगळं तेज त्या केसभर फरकात आहे. तंतोतंत जुळल्या असत्या तर एकच तार वाजल्यासारखं झालं असतं. हे कळायला मला दहा वर्षं लागली. तोवर मी जुळवत बसायचो आणि जमत नाही म्हणून घाबरायचो.

घाबरणं हा माझा जुना धंदा आहे. वाइंडिंग नंतरचा.

आठवीत शाळा सुटली. का, ते आता राहू द्या. भोकरदनच्या बाजारगल्लीत मिस्त्रींचं दुकान होतं, तिथं मी काम शिकलो, आणि ही गोष्ट घडली तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा, तीन हॉर्सपॉवरची मोटार एकट्यानं भरून, म्हणजे आत नवी तार गुंडाळून, देणारा कारागीर झालेलो होतो. गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले की दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग लागायची. विहिरीवरून काढून आणलेल्या, चिखल वाळलेल्या, आत शिरून मेलेल्या पालींसकट. वीज कमी दाबाची, मोटार जोर लावी आणि आतलं तांबं जळून जाई. जळालेल्या मोटारीचा वास गोडसर असतो. मोटार खोलायच्या आधी नुसत्या वासावरून मिस्त्री सांगत, कुठल्या बाजूनं जळाली. तांब्याची नवी तार, कॉइली बांधायचा दोरा, वॉर्निश, आणि पलीकडच्या जिनिंगवरून वाऱ्याबरोबर येणारा सरकीचा तेलकट दर्प. डिसेंबर म्हटलं की मला अजून हेच येतं नाकात.

शिमोन सर जालन्याचे. गाण्याच्या शिकवण्या घ्यायचे आणि चर्चमध्ये वाजवायचे. भोकरदनजवळ त्यांच्या सासऱ्यांचा मोसंबीचा बाग होता, त्या बागेची मोटार आमच्याकडेच भरायला यायची. त्या दिवशी मोटार न्यायला आले तेव्हा सरांच्या हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बोटभर लांब, काळी पट्टी, तिच्यात चुंबकाचे गोल तुकडे आणि भोवती केसासारख्या तारेचं वेटोळं.

"मिस्त्री, हे माझ्या गिटारीचं पिकअप. तारांच्या खाली बसतं. दुरुस्त होईल का?"

मिस्त्रींनी ते उजेडात धरलं. "सर, आपण एक हॉर्सपॉवरच्या खाली हात लावत न्हाई. ही तर चिलटाची मोटार दिसून राह्यली."

"ही फिरत नाही हो. ही ऐकते."

"ऐकते? मंग आमच्या घरी ठेवा. तिथं कुणीच ऐकत न्हाई."

सर हसले. मग सांगितलं, की एक परदेशी पाहुणे परत जाताना ती गिटार त्यांना देऊन गेले, जालन्यात तसली दुसरी नाही, आणि हल्ली आवाज मोठा केला की ती शिट्टी मारते. ऐन प्रार्थनेत. लोक वळून बघतात. नाताळ पंधरा दिवसांवर आला.

मी जमिनीवर बसून कॉइल बांधत होतो. तिथूनच बोललो, "आतली वायर सैल झाली असंल सर. थरथरत असंल."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "तू करतो का?"

"करतो."

शिट्टीचं कारण मी बरोबर ओळखलं होतं. वायर सैलच झाली होती, हे पुढं वीस वर्षांनी सिद्ध झालं. पण रोग ओळखता येणं वेगळं. आमच्या धंद्यात सैल वायरवर एकच औषध. मोटार भरून झाली की तिला वॉर्निश पाजायचं, पोटभर, आणि मग भट्टीत भाजायचं, म्हणजे सगळे वेढे एकमेकांना चिकटून दगड होतात. भट्टी म्हणजे पत्र्याचा ड्रम, आत मोठमोठे बल्ब. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच हॉर्सपॉवरची एक मोटार भट्टीत जायची होती. तिच्याशेजारी मी सरांचं पिकअप वॉर्निश पाजून टांगलं. छान ऐटीत टांगलं. रिकाम्या जागेचा उपयोग झाला म्हणून मला बरंही वाटलं.

दुपारी झाकण काढलं तर काळी पट्टी भाजलेल्या पापडासारखी वळलेली. वेटोळं एका बाजूला घसरलेलं. मी मीटर लावून पाहिलं. काटा हलला नाही. वायर आत कुठंतरी तुटली होती, आणि एका ठिकाणी नसावी.

मिस्त्री ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो वाकडा तुकडा तळहातावर घेतला, उलटापालटा केला.

"माणसाला ताप आला म्हणून भट्टीत घालते का कुणी?"

त्यांनी तो तुकडा माझ्या हातात ठेवला.

"हे तुझं. तूच निस्तर. मला लोकायचे गहू वाळून राह्यले."

दोन दिवस जालन्यात तसली दुसरी नाही, हे सरांचं वाक्य डोक्यात फिरायचं. जळालेली मोटार मी शंभर वेळा पाहिली होती, पण ती शेतकऱ्यानं जाळलेली असायची. माझ्या हातानं जळालेली ही पहिली, आणि तीही दुसऱ्यानं विश्वास ठेवून दिलेली. मिस्त्रींनी काढून टाकलं तर घरी काय सांगायचं, हे त्याच्यामागं. भंगारातून जुन्या टेलिफोनच्या घंटीच्या दोन कॉइली मिळाल्या. त्यांच्यावरची तार बारीक होती, मूळच्यापेक्षा अंमळ जाड, पण चालण्यासारखी. मोटारीच्या खाचांत घालतात त्या जाड कागदाची नवी पट्टी कापली, चुंबक जुनेच बसवले. इथपर्यंत जमलं. पण भरायला घेतलं की तार तुटायची. दहा वेढे, तुटली. चाळीस वेढे, तुटली. आमचं हातयंत्र मोटारीच्या जाड तारेचं. माझी बोटंही तसलीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी नसीमआपा भांडायला आली. आम्ही मोटार चालू करून पाहिली की तिच्या इस्तरीची ऊब जायची, म्हणून ती आठवड्यातून एकदा भांडायला यायचीच. पंचेचाळीशीची असेल तेव्हा. गळ्यात मोजपट्टी, ओढणीला दोन-चार टाचण्या खोचलेल्या. मिस्त्री बाहेर गेलेले. तिनं मला पाहिलं आणि भांडण राहिलं.

"क्या रे, मय्यत में बैठे जैसा बैठा?"

"आपा, वायर तुटून राह्यली. सारखी तुटून राह्यली."

"दिखा."

मी दाखवली. तिनं तारेचं टोक चिमटीत धरून उजेडाकडे नेलं, डोळे बारीक केले, हळूच ओढून पाहिलं. ओढून नाही, तोलून.

"ये तो बाल से बारीक है. और तू बैल के जैसा खींच रहा." मग पट्टी पाहिली. "इस पे लपेटने का? बस? अरे, ये तो बॉबिन भरने का काम है."

तिच्या पायमशीनला उजव्या अंगाला बॉबिन भरायची छोटी कळ होती, प्रत्येक मशीनला असते तशी. मी लाकडाचा तुकडा तासून सरांची पट्टी त्या कळीवर बसेल अशी केली. दुपारच्या जोहरच्या नमाजानंतर ते चारनंतरच्या असरच्या अजानपर्यंत, अशा चार दुपारी आम्ही ते काम केलं. त्या वेळी दुकानात वीज नसायची, म्हणून मिस्त्रींनीही हरकत घेतली नाही.

तिची खोली पश्चिमेकडे तोंड करून. दुपारचं ऊन उंबऱ्यावरून आत यायचं आणि मशीनच्या चाकापर्यंत येऊन थांबायचं. त्या उन्हात ती तार दिसायची, एरवी दिसायचीच नाही. नव्या कापडाच्या खळीचा वास, मशीनच्या तेलाचा वास, कोपऱ्यात सकाळी इस्तरीखाली वाफाळलेल्या ओल्या सुती कापडाचा वास. आपाचा पाय पायट्यावर इतका सारखा चालायचा की जणू झोपेत श्वास चाललाय. मोजणी माझ्याकडे. शंभर वेढे झाले की शर्टाचं एक बटण या डबीतून त्या डबीत. बटण पडल्याचा आवाज झाला की ती मान न वळवता "हं" म्हणायची.

तार हातात घेण्याआधी तिनं पहिल्याच दिवशी कपाटातून मेणाचा तुकडा काढला होता. पिवळा पडलेला, दोऱ्यांच्या खाचा पडून पडून कंगव्यासारखा झालेला. तार त्या मेणावरून जाऊ द्यायची आणि मग पट्टीवर.

"मेण कशाला आपा?"

"काज-बटन का धागा मोम में से ही निकालते. टूटता नहीं, गुंता होत न्हाई. आदत है बेटा. और कुछ नहीं."

तार तरीही तुटली. चार दिवसांत तीनदा. तुटली की ती पाय थांबवायची, मी कथिलाचा डाग देऊन जोडायचो, आणि डाग देताना माझा हात थरथरायचा.

"हात बघ तुझा. लग्नात हार कसा घालशील रे? नवरीच्या कानात जाईल."

"डर लागतो आपा."

"कशाचा?"

"नाही भरलं तर."

"नहीं भरा तो फिर भरेंगे. तार खतम हुई क्या?" असं म्हणून ती पाय चालू करायची.

शेवटच्या दिवशी साठावं बटण पडलं. तिनं मेणबत्ती लावली, वेटोळ्यावर वितळलेलं मेण थेंब थेंब सोडलं आणि मलमलीच्या तुकड्यानं दाबून बसवलं. शिवण उसवू नये म्हणून शेवटचा टाका दुहेरी घालावा तसं. मी मीटर लावलं. काटा हलला.

"हलला ना?" ती म्हणाली. "अब जा. माझे दोन ब्लाऊज राह्यले."

नाताळच्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी जालन्याला गेलो. दोन दिवस आधी पिकअप सरांना पोचवलं होतं. ते सरांनी घरी वाजवून पाहिलंही असणार, पण मला काही कळलं नव्हतं. चर्चच्या दारावर कागदाच्या चांदण्या, उन्हात फिक्या पडलेल्या. बाकांना नुकतं पॉलिश केलेलं, त्याचा वास. बायांच्या डोक्यातल्या शेवंतीचा वास. कुणाच्या तरी पिशवीतल्या करंज्यांचा. मी शेवटच्या बाकावर टोकाला बसलो. हार्मोनियम होतं, ढोलकी होती, आणि सर उभे राहून गिटारीच्या खुंट्या पिळत होते. बराच वेळ पिळत होते. मला वाटलं, बिघडली.

मग वाजली.

त्या आवाजाचं वर्णन मला तेव्हाही आलं नसतं. आता इतकंच सांगतो, की ऊन पाण्यावर पडतं तेव्हा पाणी एकच असतं आणि ऊन तुकड्यातुकड्यांत दिसतं, तसं काहीतरी त्या हॉलभर झालं. सरांनी आवाज मोठा केला. अजून मोठा केला. शिट्टी आली नाही. माझ्यापुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईनं गाता गाता मान हलवायला सुरुवात केली, आणि मी बाकाची कड धरून बसलो.

प्रार्थना संपल्यावर सरांनी मला पुढे बोलावलं. "आवाज जरा बारीक झालाय, पण किती स्वच्छ. ऐकलंत ना? हे या भोकरदनच्या कारागिरानं केलंय. मोटारी भरतात हे." लोक हसले, कौतुकानंच. एक उंच, टाय लावलेले गृहस्थ पुढे आले. सरांचे मावसभाऊ, दक्षिणेत पंपाच्या कारखान्यात मोठ्या जागेवर. त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटं पाहिली.

"एवढी बारीक तार तुम्ही स्वतः भरली?"

मी "हो" म्हणालो.

एवढंच. नंतर किती वेळा तो क्षण उलटसुलट करून पाहिला. 'नाही, आमच्या शेजारी एक आपा आहेत', एवढं म्हणायला काय लागत होतं. काहीच नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, इतकंच. आणि भाजलेल्या पिकअपची गोष्ट सांगितल्याशिवाय आपाची गोष्ट सांगता येत नव्हती.

उन्हाळ्याआधी मी कोइंबतूरला आलो, त्या मावसभावांच्या कारखान्यात, वाइंडिंग खात्यात. निघताना आपाला सांगायला गेलो. सरांना आवाज आवडला, म्हणालो. "आवडला ना? बस," ती म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला. मोसंबीला फुलं आलेली होती. एसटी बागांच्या कडेनं गेली की तो वास खिडकीतून एकदम आत यायचा आणि गाडी पुढं गेली की एकदम बंद. मी तो शेवटपर्यंत, जालन्याचं स्टेशन येईपर्यंत, येतो का बघत होतो.

इथं पहिली दोन वर्षं मला भाषा येत नव्हती. भाताबरोबर भाकरी मागितली की लोक हसायचे. पण हात स्थिर झाला. बारीक तारेचं काम असलं की साहेब मला बोलवायचे, हा तोच मराठी माणूस म्हणून. माझं घर, पोरांच्या शाळा, सगळं त्या एका 'हो'वर उभं आहे, असं मला वाटत राहायचं, आणि कुणीतरी एक दिवस येऊन विचारील.

कुणी आलं नाही. सरांची आंतर्देशीय पत्रं यायची. दहा-अकरा वर्षांनी एकात लिहिलं होतं, की बोटांत संधिवात शिरला आहे, दोन-दोन तारा दाबायचं बळ राहिलं नाही, सहा तारांवर भागतं. 'ही तुम्ही घेऊन जा. तिचा आवाज तुमच्याच हातचा आहे.'

मी गेलो. सरांच्या घरी दोन दिवस राहिलो. त्यांनी मला तारा कुठल्या क्रमानं उतरवायच्या, ते शिकवलं. बारीक तार तुटते ती नेहमी तिसऱ्या जोडीतली, ते सांगितलं. तीन चाली शिकवल्या. जुळवताना आधी सगळ्या जाड तारा लावून घ्यायच्या आणि मग प्रत्येकीच्या शेजारी तिची जोडीदारीण आणून बसवायची. "घाई केली की बिनसतं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा पिताना मी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांच्या शिकवणीची मुलं आली. नंतर परत तोंड उघडलं नाही. सर त्यानंतर तीन वर्षांनी गेले. त्यांना हे सांगायचं राहिलं, ते राहिलंच.

पुढं मला या गिटारींचं वेड लागलं म्हणा. उटीच्या एका हॉटेलचा बँड मोडला तेव्हा त्यांची लाल बारातारी मी आणली, तीही तेवढीच जुनी. तिचं सगळं मूळचं आहे, आणि ती अजून शिट्टी मारते. दोघी शेजारी ठेवल्या की मी लाल गिटार जास्त वाजवतो. तिचं मी काही देणं लागत नाही, म्हणून.

दोन-तीन वर्षांपूर्वी सरांच्या गिटारीत खरखर यायला लागली. इथं सेल्वम नावाचा माणूस चर्चमधली वाद्यं दुरुस्त करतो. त्यानं पिकअप उघडलं आणि भिंग लावून बराच वेळ पाहिलं. खरखर नुसत्या खुल्या झालेल्या जोडाची होती, माझ्याच डागाची, ती त्यानं लगेच मिटवली. पण पिकअप परत बसवेना.

"ये किसने लपेटा?" त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं.

मी वाकून पिकअपकडे पाहिलं.

"तार गलत है. कागज मोटर का है. लेकिन हाथ..." त्यानं भिंग माझ्याकडे दिलं. "हाथ देखो. एक के बाजू में एक. और मोम डाला है. सीटी का इलाज यही है, मोम. वार्निश डालके गरम करते तो मर जाता. जिसने किया, उसको मालूम था."

तिला काही मालूम नव्हतं. तिला बटणाचा दोरा मालूम होता. पण सेल्वमला हे कुठून समजावून सांगू. तो म्हणाला, त्याच काळातलं मूळचं पिकअप कुणाकडून तरी मागवून देतो, जुन्या वस्तूत जुनंच असावं. मी नको म्हणालो. मग परत त्यानं विचारलं, कुणी भरलं, तुम्ही का?

"नसीमआपा," मी म्हणालो. "टेलर है. हमारे गाँव की."

त्यानं मान डोलावली, जणू हे साधंच उत्तर होतं.

त्याच दिवाळीत मी भोकरदनला गेलो. मिस्त्रींचं दुकान मोबाइलवाल्याचं झालेलं. शेजारच्या खोलीला नवा पत्रा. आपा आता लेकीकडे जाफराबादला असते, असं कळलं, म्हणून तिकडची जीप धरली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, जीपमध्ये तेरा माणसं आणि एक शेळी.

आपा ओट्यावर बसली होती. डोळ्यांना जाड काच, हातात काही काम नाही. मला ओळखायला तिला वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं, भट्टीपासून. चर्चमधलं 'हो'सुद्धा. ती सगळं ऐकून घेत होती आणि मधेच लेकीला म्हणाली, "इसको चाय दे, डरता है ये, पहले से डरता है."

मी म्हणालो, "आपा, नाव तुमचं सांगायचं होतं."

"बॉबिन भरा था रे. बॉबिन भरनेवाले का नाम कौन लेता?" ती हसली. तिची बोटं ओढणीची कड चाचपत होती, टीप बराबर आहे का बघावी तशी.

"बजता कैसा है?" तिनं विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिनं तो आवाज कधी ऐकलेलाच नाही. चार दुपारी साठ बटणं पडल्याचा आवाज तिनं ऐकला, त्याच्या पुढचं काहीच नाही. आणि मी इतक्या लांबून हात हलवत आलो होतो. मी तोंडानं सांगायला गेलो. दोन तारा असतात आपा, एक खालची, एक वरची. गुणगुणून दाखवायला गेलो, पण एका माणसाच्या गळ्यातून दोन आवाज निघत नाहीत.

"ऐसा नहीं समझता," ती म्हणाली. "जाने दे."

जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलेलं आहे. दर वर्षी काहीतरी निघतं. कधी रजा मिळत नाही, कधी पोरांच्या परीक्षा, कधी मला आगगाडीतल्या गर्दीत दांडी मोडण्याची भीती वाटते. हे सगळे बहाणे आहेत, ते मला कळतं. आपा सत्तरीला टेकली असेल.

म्हणून इथं लिहून ठेवतो, म्हणजे मागं फिरता येणार नाही. या पेटीला नवे पट्टे लावून घेतले आहेत. छोटा अँप्लिफायर बॅटरीवर चालणारा आहे, जाफराबादला वीज असो नसो. एक दिवस दुपारी मी त्या ओट्यावर जाऊन बसणार. लेकीला, जावयाला, शेजाऱ्यांना, जो असेल त्याला आधी सांगणार की आवाज कुणाच्या हातचा आहे. तिला ऐकू कमी येत असेल तर गिटार तिच्या मांडीवर ठेवीन, लाकूड थरथरतं ते हाताला कळतं. मला येतात त्या तीनच चाली. जुळवायलाच अर्धा तास जाईल. तेवढा वेळ तिनं कुरकुर केली तरी चालेल.

मंग वाजवीन.